पावसाच्या नोंदींची सरासरी: आधी निवड, मग भागाकार

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा नव्याने शिकत आहेत आणि महाविद्यालयातील प्रकल्पासाठी त्यांनी एका पर्जन्यमापकाच्या दैनंदिन नोंदी मिलिमीटरमध्ये एका यादीत घेतल्या आहेत. ज्या दिवशी नोंद घेतली गेली नाही, त्या दिवसासमोर उणे ९९९ ही खूण आहे. एका आठवड्याची यादी १२, ०, -९९९, ३०, ०, -९९९, १८ अशी आहे. खुणा वगळून सरासरी काढणारे त्यांचे फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, ८.५७ हे उत्तर देते, तर वहीत केलेला हिशेब १२ दाखवतो. दुसऱ्या एका आठवड्यात मापक बिघडल्यामुळे सातही दिवस उणे ९९९ आहे, आणि तेथे तेच फंक्शन निमूटपणे शून्य असे उत्तर देते. नेमकी कोणती ओळ बदलावी आणि हे सारे एका ओळीत लिहिण्याचा मित्राचा सल्ला मानावा का, असे त्यांनी विचारले आहे.

बदलायची ओळ शेवटची आहे. लूपमध्ये, म्हणजे यादीतील नोंदी एकेक करून घेणाऱ्या भागात, तुम्ही प्रत्येक संख्या उणे ९९९ नाही ना हे तपासता आणि मगच ती बेरजेत मिळवता, हे योग्यच आहे. परंतु शेवटी भागताना तुम्ही मूळ यादीची लांबी घेतली आहे. बेरीज पाच संख्यांची, म्हणजे ६०, आणि भाजक मात्र सातचा, म्हणून ८.५७. बिघडलेल्या आठवड्यातही हेच घडते: बेरजेत काहीच आले नाही म्हणून ती शून्य राहिली, शून्याला सातने भागले आणि उत्तर शून्य आले. ही दुसरी चूक मला पहिलीपेक्षा अधिक गंभीर वाटते, कारण ८.५७ पाहून तुम्हाला निदान शंका आली. शून्य पाहून वाचणारा मात्र एवढेच समजेल की त्या आठवड्यात पाऊस पडला नाही.

एवढी ओळ दुरुस्त केली की तुमचे काम आज भागेल, पण खरा प्रश्न सुटणार नाही. तो असा आहे की तुमचे एकच फंक्शन तीन कामे एकाच लूपमध्ये करू पाहते आहे: कोणत्या नोंदी ग्राह्य धरायच्या हे ठरवणे, त्यांची बेरीज करणे आणि त्या किती आहेत हे मोजणे. तिसरे काम राहून गेले, आणि ते राहिले हे कोडकडे पाहून सहज लक्षात येत नाही. गेली अनेक वर्षे विद्यार्थ्यांना प्रोग्रामिंग शिकवताना मी हीच चूक इतक्या वेगवेगळ्या रूपांत पाहिली आहे की ती विसराळूपणाची चूक आहे असे मी मानत नाही. ती रचनेतून येते.

याला संशोधनाचाही आधार आहे. १९८० च्या दशकात येल विद्यापीठात एलियट सोलोवे आणि त्यांचे सहकारी नवशिके प्रोग्रामिंग कसे करतात याचा अभ्यास करत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना दिलेला एक प्रश्न पुढे पावसाचा प्रश्न म्हणूनच प्रसिद्ध झाला: पावसाचे आकडे वाचत जा, ९९९९९ आला की थांबा, ऋण आकडे मोजू नका आणि उरलेल्यांची सरासरी सांगा. ऐकायला सोपा वाटणारा हा प्रश्न मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना जमला नाही. वाचणे, थांबणे, वगळणे, मिळवणे, मोजणे आणि भागणे यांपैकी प्रत्येक काम त्यांना वेगळे येत होते. ती एका लूपमध्ये गुंफताना मात्र काहीतरी निसटत होते. पुढे २०१४ मध्ये कॅथी फिस्लर यांनी हाच प्रश्न फंक्शनल पद्धतीच्या, म्हणजे लहान फंक्शने एकमेकांना जोडून काम करायला लावणाऱ्या, भाषांतून प्रोग्रामिंग शिकलेल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तेव्हा पूर्वीच्या अभ्यासांच्या मानाने चुका बऱ्याच कमी आढळल्या. त्या उत्तरांत दिसलेल्या रचनांपैकी एक अशी होती की आधी यादी स्वच्छ करायची आणि मग स्वच्छ यादीची सरासरी काढायची. मी नवशिक्यांना हीच रचना सुचवतो.

आता कोड. येथे पायथॉनचे राखीव शब्द आणि तयार फंक्शनांची नावे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टंकताना ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने आणि आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत. चलांची आणि फंक्शनांची नावे मात्र खरोखरच देवनागरीत ठेवता येतात. २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ पासून ही सोय आहे.

डेफ वैध_नोंदी(नोंदी):
    निवडक = []
    फॉर न इन नोंदी:
        इफ न != -९९९:
            निवडक.अपेंड(न)
    रिटर्न निवडक

डेफ सरासरी(संख्या):
    इफ लेन(संख्या) == ०:
        रिटर्न नन
    रिटर्न सम(संख्या) / लेन(संख्या)

येथे सम बेरीज देते, लेन यादीची लांबी देते आणि नन म्हणजे ‘काहीही नाही’ अशी किंमत. वापरताना सरासरी(वैध_नोंदी(आठवडा)) असे लिहायचे. येथे दुसऱ्या फंक्शनला उणे ९९९ ही खूण माहीतच नाही. त्याच्या हातात एकच यादी आहे, त्यामुळे बेरीज एका यादीची आणि लांबी दुसरीची असे घडायला जागाच उरत नाही. पहिल्या फंक्शनला भागाकार माहीत नाही; ते केवळ निवड करते, आणि त्याने काय निवडले हे तुम्ही छापून डोळ्यांनी पाहू शकता. उत्तर चुकले तर निवड चुकली की गणित चुकले हे दोन मिनिटांत कळते. ओळी तुमच्या मूळ कोडपेक्षा थोड्या अधिक झाल्या, हे खरे आहे. नवशिक्याने त्याची काळजी करू नये.

रिटर्नची ओळ कोठे आहे याकडे मात्र लक्ष द्यावे. ती लूपच्या आत सरकली, तर फंक्शन पहिल्याच नोंदीनंतर परत येते. तसेच बेरजेच्या चलाला सम हेच नाव देऊ नका. तसे केले की त्या जागी तयार फंक्शन उरत नाही आणि नंतर ते बोलावताच पूर्णांकाला फंक्शनसारखे बोलावता येत नाही अशा अर्थाचा एरर येतो.

यापुढचा भाग परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि त्यातील निर्णय पायथॉन तुमच्यासाठी घेऊ शकत नाही.

पहिला निर्णय शून्याचा. तुमच्या आठवड्यात दोन दिवस शून्य आहे. नोंद घेतली गेली आणि पाऊस पडला नाही, असा त्याचा अर्थ आहे. नोंद नाही असा नव्हे. म्हणून दररोजची सरासरी काढताना शून्य ठेवावेच लागेल, आणि उत्तर ६० भागिले ५, म्हणजे १२ येईल. परंतु तुम्हाला पावसाळी दिवसाची सरासरी हवी असेल, तर शून्याचे दिवस गाळावे लागतील आणि उत्तर ६० भागिले ३, म्हणजे २० येईल. ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत. ८.५७ हे मात्र कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नाही. भारतीय हवामान विभाग ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस नोंदला जातो त्याला पावसाळी दिवस मानतो, म्हणून प्रकल्पात तो शब्द वापरणार असाल तर अट शून्याहून मोठे अशी न ठेवता २.५ किंवा अधिक अशी ठेवावी आणि तसे लिहूनही द्यावे.

शून्याच्या बाबतीत पायथॉनची एक सवय नवशिक्यांना फार त्रास देते. अटीच्या जागी केवळ संख्येचे नाव लिहिले, म्हणजे इफ न: एवढेच लिहिले, तर शून्य ही संख्या असत्य धरली जाते आणि गाळली जाते. नोंद नसलेल्या जागी नन असलेली यादी गाळण्यासाठी अनेक जण ही आखूड अट वापरतात. तीत नन जाते, पण त्याबरोबर पाऊस न पडलेले सगळे दिवसही जातात आणि सरासरी फुगते. अशा वेळी न इज नॉट नन अशी पूर्ण अट लिहावी. परीक्षेच्या गुणांचेही तसेच आहे. शून्य गुण मिळवणारा आणि गैरहजर राहणारा हे दोन वेगळे विद्यार्थी आहेत, आणि त्यांना एकत्र करणारे फंक्शन वर्गाबद्दल चुकीची माहिती देते.

दुसरा निर्णय ऋण संख्यांचा. वगळण्याची अट उणे ९९९ नसलेले अशी ठेवावी की शून्य किंवा अधिक अशी? पाऊस ऋण असू शकत नाही, म्हणून दुसरी अट सुरक्षित वाटते, आणि फाइलीत काही ठिकाणी उणे ९९.९ अशी वेगळी खूण असेल तर ती तीही पकडते. पण तीच अट कोणी तापमानाच्या यादीला लावली, तर लडाखमधील द्रासच्या हिवाळ्यातील बहुतेक खऱ्या नोंदी गाळल्या जातील. पावसातही त्या अटीचा एक तोटा आहे: १२ ऐवजी चुकून उणे १२ टंकले गेले असेल, तर ती नोंद गुपचूप नाहीशी होते. माझी पद्धत अशी आहे की ठरलेली खूण तेवढी वगळायची आणि दुसरी कोणतीही ऋण संख्या दिसली तर रेझने एरर देऊन थांबायचे. काम थांबते, फाइल उघडून पाहावी लागते, पण चूक कायमची दुरुस्त होते. नोंदी हजारोंनी असतील आणि प्रत्येक वेळी थांबणे परवडणार नसेल, तर अशा संख्या वेगळ्या यादीत गोळा करून शेवटी दाखवाव्यात.

वरच्या बाजूला मर्यादा घालताना याहून अधिक सावध राहावे लागते. एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे टंकनाची चूक, असे गृहीत धरून मोठे आकडे गाळण्याचा मोह होतो. २६ जुलै २००५ च्या पावसाची मुंबईतील सांताक्रूझ वेधशाळेची चोवीस तासांची नोंद ९४४ मिलिमीटर आहे, आणि ती खरी आहे. त्याच वेळी त्याच शहरात कुलाब्याची नोंद १०० मिलिमीटरपर्यंतही पोहोचली नव्हती, त्यामुळे शेजारच्या केंद्राशी ताडून पाहणारी अटही येथे फसली असती. असा आकडा सरासरी बरीच वर ओढतो हे मान्य आहे. पण त्यावरचा उपाय मध्यकही सोबत देणे हा आहे, खरी नोंद पुसून टाकणे हा नव्हे.

तिसरा निर्णय रिकाम्या यादीचा. सगळ्या नोंदी वगळल्या गेल्या आणि तुम्ही आधी तपासले नाही, तर भागाकारापाशी झिरोडिव्हिजनएरर येतो. तो टाळण्यासाठी अनेक जण शून्य परत करतात, आणि तुमच्या फंक्शनने नकळत तेच केले होते. मी वर नन परत केले आहे, कारण माहिती नाही हे सांगण्याची पायथॉनमधील ती रूढ पद्धत आहे आणि त्या ननमध्ये पुढे कोणी काही मिळवायला गेले तर लगेच टाइपएरर येतो. दुसरा योग्य पर्याय म्हणजे स्वतःच एरर देणे. पायथॉनबरोबर येणाऱ्या स्टॅटिस्टिक्स या मॉड्यूलमधील मीन हे फंक्शन तसेच करते: रिकामी यादी दिली की सरासरीसाठी किमान एक नोंद हवी असे सांगून थांबते. अनेक आठवड्यांचा तक्ता तयार करायचा असेल तर नन सोयीचे पडते. एकच आकडा काढायचा असेल तर एरर बरा.

हे मॉड्यूल २०१४ पासून, म्हणजे पायथॉन ३.४ पासून उपलब्ध आहे, तेव्हा सरासरीचे फंक्शन स्वतः लिहायचेच कशाला, असा प्रश्न पडेल. रोजच्या कामात मी स्वतः मीन किंवा त्याहून वेगवान असलेले एफमीन वापरतो. शिकताना मात्र एकदा स्वतः लिहावे. शिवाय कोणते मॉड्यूल घेतले तरी निवड तुमचीच राहते. उणे ९९९ ही खूण आहे हे स्टॅटिस्टिक्सला ठाऊक नसते. पांडास या तक्ते हाताळणाऱ्या लोकप्रिय लायब्ररीलाही नसते: ते रिकाम्या जागा आपोआप वगळते, पण तुम्ही फाइल वाचतानाच ही खूण कोणती ते सांगितले नाही तर उणे ९९९ ला खरा पाऊस समजून तुमच्या आठवड्याची सरासरी उणे २७६.८६ काढते.

आता एका वेगळ्या दुरुस्तीबद्दल, जी तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवील: नवी यादी न करता मूळ यादीतूनच खुणा रिमूव्हने काढून टाकणे. लूप ज्या यादीवर फिरतो आहे तीतूनच घटक काढू नयेत. तुमच्या आठवड्यावर हे करून पाहिलेत तर उत्तर १२ च येईल आणि पद्धत बरोबर आहे असे वाटेल. आता १२, ०, -९९९, -९९९, ३० ही यादी घ्या. लूप तिसऱ्या स्थानावर येतो, तेथील खूण काढतो, मागचे घटक एक जागा पुढे सरकतात, आणि लूप चौथ्या स्थानावर जातो. दुसरी खूण आता तिसऱ्या स्थानावर आलेली असते, म्हणून ती तपासलीच जात नाही. यादीत एक उणे ९९९ राहतो आणि सरासरी उणे २३९.२५ येते. पहिल्या यादीत दोन खुणा शेजारी नव्हत्या, एवढ्यामुळेच ती वाचली होती. मापक बिघडला की सहसा लागोपाठ काही दिवस नोंद होत नाही, म्हणजे ही चूक नेमकी खऱ्या माहितीवरच उघड होते. शिवाय मूळ यादी बदलली की किती दिवस नोंद नव्हती हे नंतर मोजता येत नाही, आणि तो आकडा तुम्हाला लागणार आहे.

मित्राने सुचवलेली एका ओळीची रचना, म्हणजे लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, चांगली आहे. वैध_नोंदीचे संपूर्ण शरीर रिटर्न [न फॉर न इन नोंदी इफ न != -९९९] असे लिहिता येते आणि अर्थ तोच राहतो. लूप कसा चालतो हे तुम्हाला न अडखळता सांगता येत असेल, तर ही ओळ जरूर वापरा. फिल्टर हे तयार फंक्शन मात्र नवशिक्यांनी सध्या बाजूला ठेवावे असे मला वाटते. पायथॉन ३ मध्ये ते यादी परत करत नाही, एकदाच वाचता येणारा प्रवाह परत करते. त्यावर लेन चालत नाही, आणि सम एकदा चालवले की तो संपतो. दुसऱ्यांदा बेरीज केली तर शून्य येते. त्याभोवती लिस्ट लिहून यादी करून घेतली की अडचण सुटते, पण मग कॉम्प्रिहेन्शन अधिक सरळ आहे.

नोंदी फाइलीतून वाचत असाल तर एक गोष्ट आधी करावी लागते. फाइलीतून येणारी प्रत्येक गोष्ट मजकूर असते, आणि मजकुरातील उणे ९९९ हा संख्येतील उणे ९९९ च्या बरोबर नसतो. म्हणून वगळण्याची अट काहीही न वगळता पुढे जाते. आधी फ्लोटने संख्या करून घ्यावी. मराठीत टंकलेल्या तक्त्यांसाठी एक सोयीची बाब अशी की फ्लोट आणि इंट या दोन्हींना देवनागरी अंक समजतात: मजकूर १२.५ असा देवनागरीत असला तरी त्याची योग्य संख्या होते. अडते ते उणे चिन्हापाशी. काही लेखन-प्रणाली साध्या आडव्या रेघेच्या जागी आपोआप लांब रेघ घालतात, आणि ती दिसली की फ्लोट व्हॅल्यूएरर देते. आधी रिप्लेसने ती रेघ बदलून घ्यावी.

फंक्शन बरोबर आहे की नाही हे एका आठवड्यावरून ठरवू नका. हाताने उत्तर काढता येईल अशा लहान याद्या घ्या आणि असर्टच्या, म्हणजे अट खोटी ठरली की एरर देणाऱ्या, ओळी लिहून ठेवा:

असर्ट सरासरी(वैध_नोंदी([१२, ०, -९९९, ३०, ०, -९९९, १८])) == १२
असर्ट वैध_नोंदी([१२, ०, -९९९, -९९९, ३०]) == [१२, ०, ३०]
असर्ट सरासरी(वैध_नोंदी([-९९९, -९९९])) इज नन
असर्ट सरासरी(वैध_नोंदी([०, ०])) == ०

शेवटच्या दोन ओळी एकत्र वाचा. पाऊस न पडलेले दिवस आणि नोंद नसलेले दिवस यांना फंक्शनने वेगळी उत्तरे दिली पाहिजेत, ही अट त्यांनी कोडमध्येच लिहून ठेवली आहे. दशांश संख्यांची सरासरी तपासताना मात्र बरोबरचे चिन्ह वापरू नये. संगणकात ०.१ ही संख्या तंतोतंत साठवली जात नाही, म्हणून पायथॉन ३.१२ पूर्वीच्या आवृत्त्यांत दहा वेळा ०.१ मिळवले की सम बरोबर १ देत नसे. ३.१२ पासून दशांशांची बेरीज अधिक काटेकोरपणे होते, तरीही तुलनेसाठी मॅथ मॉड्यूलमधील इजक्लोज वापरणेच इष्ट.

राहिला महिन्याचा हिशेब, जो तुमच्या प्रकल्पाचा पुढचा टप्पा असेल असे मी धरून चालतो. आठवड्यांच्या सरासऱ्या काढून त्यांची पुन्हा सरासरी काढू नका. पहिल्या आठवड्यात पाच दिवसांच्या नोंदी आहेत आणि सरासरी १२ आहे. समजा दुसऱ्या आठवड्यात दोनच नोंदी मिळाल्या आणि त्यांची सरासरी ४० आली. सरासऱ्यांची सरासरी २६ होते. प्रत्यक्षात एकूण पाऊस ६० अधिक ८०, म्हणजे १४०, आणि नोंदी सात, म्हणून खरी सरासरी २० आहे. सर्व दिवस एका यादीत जोडून तिच्यावर हीच दोन फंक्शने चालवावीत.

आणि सरासरीबरोबर नोंदींची संख्याही परत करावी. रिटर्न सम(संख्या) / लेन(संख्या), लेन(संख्या) असे लिहिले की पायथॉन दोन्ही किंमती जोडीने देते. रिकाम्या यादीसाठी रिटर्न नन, ० लिहावे आणि वरच्या असर्टच्या ओळींत त्या जोडीतील पहिली किंमत तपासावी. तीसपैकी दोनच दिवसांच्या नोंदी असलेल्या महिन्याची सरासरी छापावी का, याची सर्वमान्य सीमा मी तुम्हाला देऊ शकत नाही. ती मार्गदर्शकांना विचारून ठरवा आणि अहवालात लिहा. पण तक्त्यात प्रत्येक सरासरीशेजारी ती किती दिवसांच्या नोंदींवरून काढली हे असलेच पाहिजे. तुमच्या पहिल्या आठवड्यासमोर १२ मिलिमीटर, ७ पैकी ५ दिवस असे येईल, आणि मापक बिघडलेल्या आठवड्यासमोर सरासरीचा रकाना रिकामा ठेवून ७ पैकी ० दिवस.